कडता

कापूस काट्यावर चढला की दिसतं ते वजन एक आणि पावतीवर उतरतं ते दुसरं. मधल्या फरकाला आमच्याकडे कडता म्हणतात. ओलाव्याचा कडता, कवडीचा कडता, मातीचा कडता, आणि ज्या कापडात कापूस बांधून आणला त्या कापडाचाही कडता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जिनिंग-प्रेसिंगच्या काट्यावर मी सव्वीस हंगाम दिवाणजी म्हणून काढले. कडता कापणं बरोबर की चूक, हा प्रश्न काट्यावर कोणी विचारत नसे. मागे गाड्यांची रांग असे, बैल मान टाकून उभे असत, आणि माझा हात सवयीनं आकडा खाली उतरवत असे.

दसऱ्यापासून होळीपर्यंत कापूस, आणि जिन बंद पडली की कथा, असं माझं वर्ष होतं. उन्हाळ्यात लिहायचं, पावसाळ्यात खोडायचं, आणि जमलं तर दिवाळी अंकाला पाठवायचं. चौदा कथा छापून आल्या. परत आल्या त्या मोजल्या नाहीत. कथेचे भाग एकमेकांना कसे धरून असतात, हे मला ज्या एका कथेनं शिकवलं तिची ही हकीकत. शिकायला मला दोन वर्षं लागली आणि शिकवणाऱ्यांत एकही साहित्यिक नव्हता.

२००६ सालचा हिवाळा. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं आणि आमच्या रस्त्यांवर वाहिन्यांच्या छत्रीवाल्या गाड्या दिसू लागल्या होत्या. डिसेंबरातल्या एका दुपारी काळीपिवळीच्या टपावरून दोन गाठोडी उतरली. सोबत पस्तिशीची एक बाई. एकटी. बाया आमच्याकडे येत, पण बंडीबरोबर, घरच्या माणसाच्या मागे. कापूस विकायला एकटी बाई येणं तेव्हा नेहमीचं नव्हतं. दोन्ही गाठोडी लुगड्यात बांधलेली. लहान काट्यावर ठेवली, वजन पाहिलं, आणि दोन गाठोड्यांचा दोन किलो कडता मनातल्या मनात कापून मी आकडा लिहिला.

ती काट्याकडेच पाहत होती. म्हणाली, "दिवाणजी, माहं लुगडं किलोभर भरत नाई. इरून गेलं हाये थे."

मागे रांग होती. तरी का कोण जाणे, मी हमालाला गाठोडी सोडायला लावली. कापूस ढिगावर गेला आणि नुसती लुगडी काट्यावर आली. दोन्ही मिळून किलोभरसुद्धा भरेनात. किती धुतली, किती नेसली, मग किती वेळा त्यांत सरकी नाहीतर गहू वाळवले, कोण जाणे. सूत झिजून झिजून कापडाची नुसती जाळी उरली होती. मी आकडा खोडून नवा लिहिला आणि पावतीपुस्तक ओढलं.

"पावती कोणाच्या नावानं फाडू?"

सातबाऱ्यावर असेल त्याच नावानं पावती फाडायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हापासून हाताला पडलेलं वळण. ती योजना मोडीत निघाली तरी वळण राहिलं. बाई जरा थांबली. मग म्हणाली, "यायच्याच नावानं फाडा. सातबारा अजून यायच्याच नावानं हाये."

तिनं नाव सांगितलं, मी लिहिलं. लुगड्यांची घडी काखेत मारून ती गेली. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

पुढच्या मे महिन्यात मी ही कथा लिहिली. अठरा पानं झाली. सुरुवात इंग्रजांच्या काळापासून. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता म्हणून वऱ्हाडात रूळ कसे आले, यवतमाळ ते मूर्तिजापूर 'शकुंतला' कशी धावू लागली, इथपासून. मग एकाधिकार खरेदी, मग २००२ साली आलेलं बीटी बियाणं, मग सावकार. मग त्या बाईचं लग्न, वेचणीआधीच्या सीतादहीच्या पूजेचा दिवस, पहिल्या वेच्याला तुरळक फुटलेली बोंडं, नवऱ्याचं कर्ज. शेवटाला नवऱ्यानं धुऱ्यावर औषधाचा डबा तोंडाला लावला आणि बाई काट्यासमोर हंबरडा फोडून कोसळली. लिहिताना मी स्वतः दोनदा डोळे पुसले. आता छापून येणारच अशी खात्री वाटली.

कथा परत आली. पहिल्या पानावर संपादकांनी शिसपेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती: कापूस उत्तम आहे, गोष्ट कुठे आहे?

राग आला. मुंबई-पुण्याच्या माणसाला पऱ्हाटी आणि तुरीतला फरक काय कळणार, असं म्हणून पाकीट माळ्यावर टाकलं. पुढच्या हंगामात मात्र जिनघरातच त्या ओळीचा अर्थ लागला.

आमच्याकडे डबल रोलर जिन होत्या. त्यांचं काम पाहायला सोपं वाटतं. चामड्याच्या चकत्या दाबून केलेला रूळ फिरतो. त्याला बारीक चर पाडलेले असतात. कापसाचे तंतू त्या खरखरीत चामड्याला चिकटतात आणि रूळ त्यांना आत ओढतो. रुळाला टेकून एक स्थिर पातं बसवलेलं असतं. तंतू त्याच्याखालून निघून जातात, सरकी मात्र जाड, ती पात्याला अडते. मग दोन रुळांमधलं हलतं पातं तिला ठोसे मारतं आणि सरकी तंतूपासून सुटून जाळीतून खाली पडते. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. रुईची पुढे १७० किलोची गाठ बांधतात.

त्या वर्षी एक जिन सारखी रडत होती. रुईत सरकीचे तुकडे येत होते. मालकानं नवं पातं आणून बसवायला लावलं, तरी तेच. आमचे फिटर, त्यांना सगळे चाचा म्हणत, रात्रपाळीला कंदिलासारखा एक हँडलॅम्प घेऊन जिनखाली बसले होते. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "बाबूजी, पातं नवं आहे, पण रूळ जुना आहे. रूळ झिजून बारीक झाला. आता ते पातं त्याच्यापाशी पोचतच नाही. पातं दाबलं तर रूळ तापते, चमडं जळते. सैल ठेवलं तर सरकी रुईसंगं पळते. एक बदललं का सगळं पुन्हा लावा लागते."

मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आणि एक सांगतो. नुसता ओढणारा असला तर काही निघत नाही. नुसता अडवणारा असला तरी नाही. एकानं ओढा, एकानं अडवा, तवा कुठं सरकी सुटते."

चाचांना कथा-कादंबरीशी काही घेणंदेणं नव्हतं. मी मात्र त्या रात्री घरी जाऊन माळ्यावरचं पाकीट काढलं.

माझ्या अठरा पानांत ओढणारं पुष्कळ होतं: दुःख, कर्ज, दुष्काळ, अन्याय. अडवणारं काहीच नव्हतं. बाईला काय हवं होतं आणि ते तिला कोण देत नव्हतं? मी काट्यासमोर नीट उभा राहिलो तेव्हा कळलं की तिला त्या क्षणी कर्जमाफी नको होती, न्याय नको होता. तिला आपल्या लुगड्याचं खरं वजन हवं होतं. आणि तिला अडवणारा सावकार नव्हता, मँचेस्टर नव्हतं. तो मी होतो.

इथे मला कबूल केलं पाहिजे की पहिल्या खर्ड्यात मी सर्वज्ञ निवेदक घेतला होता तो कलेच्या विचारानं नव्हे. सर्वज्ञ निवेदकाला सगळ्यांच्या मनातलं दिसतं, पण तो स्वतः कोणाला दिसत नाही. दोन किलो कापणारा दिवाणजी त्या अठरा पानांत एका वाक्यात येऊन गेला होता, तोही 'काट्यावरचा माणूस' म्हणून. मी त्या निवेदकाच्या आड लपलो होतो.

निवेदक बदलला. आता कथा दिवाणजी सांगणार. हे एकच पातं हलवलं आणि चाचांनी सांगितलं तसं झालं, सगळं पुन्हा लावावं लागलं.

दिवाणजीला बाईचं लग्न माहीत असायचं कारण नाही, म्हणून लग्न गेलं. सीतादही गेली, पहिला वेचा गेला. त्याला तिच्या नवऱ्याचं मरणही माहीत नाही, म्हणून धुरा आणि डबा दोन्ही गेले. पण मग ते मरण वाचकाला कळावं कसं? कोणीतरी बोलल्याशिवाय कळणार नाही. बाई आपण होऊन सांगेल? अनोळखी पुरुषाला, रांगेसमोर? नाही सांगणार. म्हणजे ते अशा प्रश्नाच्या उत्तरात यायला हवं, जो प्रश्न दिवाणजी दिवसातून दोनशे वेळा विचारतो आणि ज्यात त्याला काहीच अभिप्रेत नसतं. पावती कोणाच्या नावानं? असा तो संवाद शेवटाकडे सरकला. पहिल्या खर्ड्यात तो नवव्या पानावर होता, दोन परिच्छेदांत दबून.

संवाद शेवटाला गेला तशी सुरुवातही बदलली. पावतीच्या प्रश्नाचा घाव बसायचा असेल तर आधी वाचकाला काट्याची सवय व्हायला हवी. माझ्या हाताची, आकडा खाली उतरवायच्या त्या बेफिकिरीची. म्हणून कथा काट्यावरच सुरू झाली आणि इंग्रजांपासूनचा सगळा काळ आटून पंधरा मिनिटांवर आला. काळ आटला तशी जागा एकच उरली: काटा आणि त्यामागचं माझं टेबल. आणि जागा एकच उरल्यावर वस्तूला वजन आलं. अठरा पानांच्या कथेत ते लुगडं म्हणजे पन्नास वस्तूंतली एक होतं. सहा पानांच्या कथेत ते सगळीकडून दिसू लागलं. ते किती हलकं आहे यावरून घरची गरिबी कळते. ते सोडायला लावण्यावरून बाईचा करारीपणा कळतो. ते काट्यावर चढतं तेव्हा दिवाणजी उघडा पडतो. कथेतली वस्तू एकाच कामाची असेल तर ती सामान असते. दोन-तीन कामं एकदम करू लागली की ती भाग होते.

आणि शेवट? शेवट मी लिहिला असं म्हणता येत नाही. तो त्या बाईच्या एका शब्दात होता: 'अजून'. सातबारा अजून यायच्याच नावानं हाये. घरधनी असताना कोणी अजून म्हणत नाही. फेरफार व्हायचा राहिला आहे, तलाठ्याकडे खेटे चालू आहेत, माणूस गेला आहे पण कागदावर उरला आहे, हे सगळं त्या तीन अक्षरांत. पहिल्यांदा लिहिताना मी तो शब्द गाळला होता. बोलण्यातला भरताड वाटला होता मला. म्हणजे तिथेही सवयीचा कडता.

भाषेचंही तसंच. पहिल्या खर्ड्यात बाई शाळेच्या पुस्तकासारखी बोलत होती. दुसऱ्यात मी इतकी वऱ्हाडी ओतली की ती विनोदी वाटू लागली. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) मी तेव्हा पुन्हा वाचली. त्यांच्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडी शोभेला येत नाही. त्या माणसांना दुसरी भाषाच नसते म्हणून येते. मी बाईची चारच वाक्यं ठेवली, ती तिनं बोलली तशी. चार वाक्यं पुरली, कारण बाकीचं काटा बोलत होता.

कथा दुसऱ्या एका अंकात छापून आली. त्या संपादकांनी एकच वाक्य काढलं, शेवटचं. त्यात मी दिवाणजीला पश्चात्ताप करायला लावला होता. ते गेल्याचं मला छापील अंकातच दिसलं, आणि त्यांचा कडता मात्र बरोबर होता.

तालुक्याच्या वाचनालयात मला जे वाचायला मिळालं त्यानं या शिकण्याला नंतर नाव दिलं. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' १९३१ साली लिहिलं तेव्हापासून मराठीत कथेच्या तंत्राची चर्चा आहे: आकर्षक आरंभ, वाढती उत्कंठा, कलाटणी. मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि कथानकाचा हा ताठपणा सैल झाला. काहीच न घडणारी कथाही कथा असू शकते, हे वाचकाला पटलं. आमच्याच विदर्भातले वामन चोरघडे त्याच्याही आधीपासून अगदी थोड्या शब्दांत माणूस उभा करत होते. मी आधी समजत होतो की फडक्यांचा पक्ष एक आणि नवकथेचा दुसरा, आपल्याला एकात नाव नोंदवायचं आहे. जिनघरानंतर वाटू लागलं की भांडण कोणता भाग मोठा यावर आहे; भाग एकमेकांत गुंतलेले असावेत यावर दोघांचंही दुमत नाही. अमेरिकेत एडगर अॅलन पो यांनी १८४२ सालीच लिहून ठेवलं होतं की लघुकथेचा एकच परिणाम ठरवावा आणि पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द त्याच्या कामी लावावा. चाचा हेच हँडलॅम्प हातात धरून सांगत होते.

यवतमाळकरांना खरं तर हे घरच्या घरीच कळायला हवं होतं. शायर भाऊसाहेब पाटणकर यवतमाळचेच. वकील, शिकारी आणि मराठी शायरीतले बिनीचे. त्यांच्या मैफली ऐकलेली माणसं सांगतात की पहिली ओळ म्हणून ते थांबत. श्रोता त्या ओळीचा एक अर्थ लावून बसे, आणि दुसरी ओळ आली की पहिलीच उलटी होई. दुसरी नसेल तर पहिली साधी, आणि पहिली नसेल तर दुसरीला काही अर्थच नाही. कथेलाही एवढंच करायचं असतं, फक्त ओळी जास्त असतात.

आमच्या जिल्ह्याची अडचण अशी की आमची दुसरी ओळ सगळ्यांना पाठ आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. राज्यात गाजलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद होते, आणि दर १९ मार्चला अनेक जण त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात. करपे गावचे सरपंच राहिलेले, गाण्यात रमणारे गृहस्थ होते. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो शेवट. शेवटानं बाकीचा माणूस खाऊन टाकला. त्यानंतर यवतमाळ म्हटलं की ऐकणारा आधी शेवटाला जाऊन बसतो आणि मग बाकीची गोष्ट ऐकतो. छत्रीवाल्या गाड्यांतून उतरणारी मुलंही मला तेच विचारत: इथं कोणाच्या घरी झालीय का? मीही अठरा पानांत तेच केलं होतं. शेवट आधी ठरवला की बाकीचे भाग काही काम करत नाहीत, नुसती त्याची वाट पाहत बसतात.

म्हणून २०१९ सालची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळात साहित्य संमेलन झालं होतं. त्यानंतर ४६ वर्षांनी, अरुणा ढेरे अध्यक्ष असताना, ते पुन्हा आमच्याकडे आलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून देशभर वादळ उठलं, आणि अखेर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा. त्या 'तेरवं' या नाटकात काम करत होत्या. तेरवं म्हणजे तेराव्या दिवसाचा विधी. म्हणजे नाटकाच्या नावातच मरण मागे पडलेलं आहे आणि गोष्ट त्यानंतर मागे उरलेल्या बायांची आहे. मांडवातल्या गर्दीत बसून मी ते भाषण ऐकत होतो आणि मला काट्यावरची ती बाई आठवत होती. मरण कथेच्या शेवटाहून उचलून सुरुवातीच्याही आधी नेऊन ठेवलं की बाकीचे सगळे भाग कामाला लागतात: कागद, शेत, पोरं, लुगडं.

आता मी जिनमधून सुटलो आहे. कोणी बोलावलं तर शाळांमध्ये जाऊन मुलांकडून गोष्टी लिहून घेतो. केळापूर, झरी जामणी, घाटंजी या बाजूच्या शाळांत घरी कोलामी, गोंडी, गोरमाटी बोलणारी मुलं असतात. सुरुवातीला मी त्यांना मोकळं सोडलं: काहीही लिहा. वह्या घरी आणून वाचल्या. बहुतेक गोष्टींच्या शेवटी बाप औषध पीत होता. ज्यांचे बाप शाळेच्या फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते त्यांच्यासुद्धा. मुलांनी खोटं लिहिलं नव्हतं; गोष्ट अशीच संपते, असं त्यांना वाटत होतं. टीव्हीवर तशीच संपते, भाषणात तशीच संपते.

मग मी नियम केला. एक वस्तू, एक जागा, एक दिवस. आणि वस्तू अशी की जिला तुम्ही रोज हात लावता.

नववीतल्या एका मुलीनं बादलीवर लिहिलं. आमच्या घरी दोन बादल्या आहेत, अशी सुरुवात. निळी पाण्याची आणि हिरवी बाबांच्या फवारणीच्या कपड्यांची. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हापासून पुष्कळ घरांत अशी एक बादली वेगळी असते. कपडे वेगळे भिजतात, वेगळे वाळतात. मुलीच्या गोष्टीत बाबा फवारणी करून येतात, डोकं दुखतं म्हणून जेवण न करता बाजेवर पडतात. आई त्यांचा शर्ट हिरव्या बादलीत टाकून शेजारी औषध विचारायला जाते. मुलगी चुलीपाशी. चारच पानं.

दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: हिरव्या बादलीचा कान तुटला आहे, तिथं बाबांनी तार बांधली. मी वाचत असताना लाल पेन आपोआप चाललं आणि ते वाक्य खोडलं गेलं. गोष्ट पसरू नये, नको ते वर्णन काढावं, वगैरे जे मी मुलांना सांगत होतो त्याच ओघात. मुलगी टेबलाशीच उभी होती.

"सर, थे काटू नका."

"का गं?"

"थे पुढं लागते."

मी पुढे वाचलं. लाइन जाते. घरात मिट्ट काळोख. धाकटा भाऊ तहान लागली म्हणून गिलास घेऊन मोरीकडे जातो. अंधारात बादल्यांचा रंग दिसत नाही. मुलगी धावत जाऊन आधी बादलीला हात लावते, आणि तिच्या बोटांना कानाच्या जागी तार लागते. ती भावाच्या हातातला गिलास काढून घेते. बाजेवर बाबा कूस बदलतात की नाही ते कळत नाही. गोष्ट तिथेच संपते.

एक क्षण मला काट्यावर उभा असल्यासारखं वाटलं. समोर लुगडं, मागे रांग आणि हातात पेन. ते वाक्य गेलं असतं तर तार गेली असती, तार गेली असती तर काळोख नुसताच काळोख राहिला असता, आणि भावाचा गिलास कोणी थांबवला असता? अख्खी गोष्ट त्या तुटक्या कानाला टांगलेली होती, आणि मी तो भरताड म्हणून कापला होता. इतकी वर्षं हेच काम करून, आणि हीच चूक एकदा करून झाल्यावर. लाल रेघ पुसता येत नाही. मी खोडलेल्या वाक्याच्या वर तेच वाक्य पुन्हा माझ्या हातानं लिहून दिलं.

गोष्टी वर्गात मोठ्यानं वाचायच्या असा आमचा रिवाज आहे. तिनं वाचली. वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून एका पोरानं, जो स्वतःच्या गोष्टीत बापाला मारून मोकळा झाला होता त्यानं, विचारलं, "मंग शेवटी तुहा बाप मेला का वाचला?"

तिनं वही मिटली.

"मले काय मालूम? लाइन गेली होती."